रफिनचा मार्ल: माती सुधारणाऱ्या गुलाममालकाला वर्गात कसं शिकवायचं?

चोपण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कृषी पदवीच्या मुलांना मृदाशास्त्र शिकवतो. मागच्या आठवड्यात आम्लधर्मी जमिनींवर तास होता आणि नेहमीप्रमाणे मी सुरुवात एडमंड रफिनपासून केली. तास संपता संपता मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. घरी अजून बैलगाडी असलेला मुलगा. म्हणाला, "सर, एकरी किती गाड्या पडायच्या? आणि भरायचं कोण?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. दुसऱ्याचंही मला ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांत एकाही वर्गात मी ते उच्चारलेलं नव्हतं. घंटा झाली, मुलं गेली. मला मात्र तो प्रश्न अजून सोडत नाही, म्हणून हा धागा.

रफिन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म ५ जानेवारी १७९४, अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, प्रिन्स जॉर्ज कौंटीत. जेम्स नदीच्या काठावरचा हा मुलूख. दोनशे वर्षं आधी तंबाखू आणि मग मका घेऊन घेऊन तिथली जमीन पार निकस झाली होती. वडील वारल्यावर विशीच्या आतच कॉगिन्स पॉइंटचा मळा त्याच्या हाती आला. त्या काळी व्हर्जिनियात शेतीतला शब्द चालायचा तो जॉन टेलर यांचा. गुरं बाहेर ठेवा, पालापाचोळा गाडा, शेणखत घाला. रफिनने हे सगळं काही वर्षं इमानेइतबारे केलं. जमीन ढिम्म हलली नाही, काही तुकडे उलट आणखी खालावले. जमीन विकून पश्चिमेला निघून जावं इथपर्यंत तो आला होता.

तेवढ्यात इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांचा कृषी रसायनावरचा ग्रंथ त्याच्या हाती पडला. त्यात नापीक जमिनीतल्या आम्लाचा उल्लेख होता आणि चुन्याने ते मारता येतं असं म्हटलं होतं. रफिनने आपल्या शेतांकडे नव्याने पाहिलं. जिथे पीक येत नव्हतं तिथे पाइन उगवत होते आणि आंबट पाल्याचं एक तण माजलेलं होतं. आपल्या आंबट चुक्याचंच ते भावंड, एकाच कुळातलं. मग त्याने माती तपासली. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा, मागमूस नव्हता. आणि त्याच मळ्यात खाली जुन्या समुद्रातल्या शिंपल्यांचे थरच्या थर पडून होते. त्या मातीला तिकडे मार्ल म्हणतात. फेब्रुवारी १८१८ मध्ये त्याने तो मार्ल खणून शेतात पसरला. त्या वर्षी मार्ल पडलेल्या पट्ट्यात मका शेजारच्या पट्ट्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त आला.

पण मला तो आवडतो तो यानंतरच्या तर्कासाठी. शेणखत वाईट नव्हतं, ते आम्लधर्मी जमिनीत टिकत नव्हतं, म्हणून आधी आम्ल मारा, मग खत घाला, हे त्याने मांडलं. तेही मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा) मोजायची पद्धत जन्माला येण्याच्या कितीतरी आधी! १८२१ मध्ये लेख, १८३२ मध्ये 'अॅन एसे ऑन कॅल्केरियस मॅन्युअर्स' हे पुस्तक, त्याच्या १८५२ पर्यंत पाच आवृत्त्या. १८३३ पासून जवळजवळ दहा वर्षं शेतीचं मासिक चालवलं. पुढे दक्षिण कॅरोलिनाचं कृषी सर्वेक्षण केलं, हॅनोव्हर कौंटीत नवा मळा घेऊन त्याचं नाव मार्लबर्न ठेवलं आणि तिथली पाणथळ जमीन चर खणून सुधारली.

हाच माणूस गुलामगिरीचा कट्टर पुरस्कर्ता होता. दक्षिणेने, म्हणजे गुलामगिरी असलेल्या राज्यांनी, अमेरिकेतून फुटून निघावं म्हणून त्याने उत्तरायुष्य घालवलं. १२ एप्रिल १८६१ ला फोर्ट सम्टर या किल्ल्यावरच्या माऱ्याने उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध सुरू झालं; त्यातली पहिली तोफ त्यानेच डागली असं मी वाचत आलोय. दक्षिण हरल्यावर जून १८६५ मध्ये त्याने आत्महत्या केली.

माझं मत आजवर असं की मृदाशास्त्राच्या तासाला रफिनची माती शिकवावी, त्याचं राजकारण इतिहासवाल्यांनी शिकवावं. आम्लाला चुना लागतो हे सत्य कुणी शोधलं यावर बदलत नाही. तुम्हाला काय वाटतं?

वरकस

सर, मी तुमच्या बाजूचा. माझी जमीन कोकणातली, जांभ्याची, डोंगरउताराची. माती परीक्षणात सामू ५.२ आला. चार वर्षं युरिया ओतत होतो आणि नाचणी पिवळीच्या पिवळी. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, आधी चुना मार. गुंठ्याला अर्धं पोतं टाकलं. दुसऱ्या पावसात फरक बांधावरून दिसत होता, चुना पडला तिथपर्यंत हिरवं आणि पुढे पिवळं.

म्हणून मला कळतं की १८१८ साली त्या माणसाला आपल्या मक्याच्या शेतात काय दिसलं असेल आणि त्याचा ऊर कसा भरून आला असेल. विद्या कुणाच्याही तोंडून आली तरी घ्यावी.

एक भर घालतो. आमच्याकडे तरव्याच्या (रोपं तयार करायच्या) जागी राब भाजतात. टहाळ, गवत, शेण पसरून जाळायचं आणि त्या राखेत रोपं टाकायची. राखेनेही आम्ल मरतं. आमच्या आजीपणजीने डेव्ही वाचला नव्हता. तेव्हा 'शोधलं' हा शब्द जरा जपून वापरू या. पण पुस्तकात नीट मांडून ठेवणं हेही मोठं काम आहे आणि ते रफिनने केलं.

कागदपत्र

मी इतिहासाचा अभ्यासक. सर, तुमची वाटणी मला मान्य नाही, आणि भावनेपोटी म्हणत नाही. 'इकडे माती, तिकडे राजकारण' ही वाटणी खुद्द रफिनने केलेली नव्हती.

व्हर्जिनियाची जमीन खंगली तेव्हा लोकांनी काय केलं? गुलामांना घेऊन अलाबामा, मिसिसिपीकडे निघाले, किंवा गुलाम व्यापाऱ्यांना विकले. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जागा लोकसंख्येवर मिळतात आणि तेव्हा प्रत्येक गुलाम तीन-पंचमांश माणूस म्हणून मोजला जायचा. माणसं गेली की जागा जातात. १८१० च्या जनगणनेनंतर व्हर्जिनियाच्या २३ जागा होत्या, १८५० च्या जनगणनेनंतर १३ उरल्या. ज्या राज्याने वॉशिंग्टन आणि जेफरसन दिले त्याचं वजन असं घटत चाललेलं रफिन पाहत होता. मार्लने उत्पन्न वाढेल, लोक राज्य सोडून जाणार नाहीत, राज्याची ताकद टिकेल, हे गणित त्याने स्वतःच मांडलं. जमीन टिकली की मळा टिकतो आणि मळा टिकला की गुलामगिरी टिकते. त्याची शेतीसुधारणा म्हणजे त्या व्यवस्थेचा पाया पुन्हा भरून काढणं होतं.

पुढे १८५० च्या दशकात त्याने गुलामगिरीच्या अर्थशास्त्रावरच पुस्तिका लिहिली. मुक्त मजुरापेक्षा गुलाम कसा बरा, हे त्याच नेटाने, त्याच आकडेमोडीच्या शैलीत. मार्लवर लिहिणारा हात आणि हा हात वेगळे काढता येत नाहीत.

आणि सम्टरची दुरुस्ती. पहाटे साडेचारचा पहिला तोफगोळा फोर्ट जॉन्सनवरून सुटला. तो इशाऱ्याचा गोळा होता आणि तो डागला लेफ्टनंट हेन्री फार्ली यांनी. रफिन समोरच्या मॉरिस बेटावर, कमिंग्ज पॉइंटच्या लोखंडाने मढवलेल्या मोर्चावर होता. तिथल्या पलटणीने या ६७ वर्षांच्या म्हाताऱ्याला पहिल्या गोळ्याचा मान दिला. म्हणजे त्या मोर्चावरचा पहिला गोळा त्याचा, युद्धाचा नव्हे. दक्षिणेने तो मान मिरवला म्हणून दंतकथा रुजली.

चोपण (धागाकर्ता)

सम्टरची चूक मान्य. तासाच्या टिपणांतून काढतो.

पण मूळ मुद्द्यावर अजून अडतोय. हेतू वाईट म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही ना? त्या तर्काने गेलो तर कीटकनाशकांपासून खतांपर्यंत किती गोष्टींचं युद्धाशी नातं आहे, त्या सगळ्या प्रकरणांच्या आधी मी प्रस्तावना द्यायची का?

सरळवाट

सरांना पूर्ण पाठिंबा. वॉशिंग्टनकडे गुलाम होते, जेफरसनकडे होते. त्या काळात, त्या मुलखात, त्या वर्गात जन्मलेल्या माणसाकडून तुम्ही आजच्या जाणिवेची अपेक्षा करता, हा अन्याय आहे. दोनशे वर्षांनी आपल्याही कितीतरी गोष्टी लोकांना रानटी वाटतील. माणूस त्याच्या काळाच्या चौकटीत तोलावा. मला मातीचं दुखणं ओळखणारा एक जिद्दी शेतकरी दिसतो. राजकारणात तो चुकला. हरल्यावर जगायचं नाही म्हणून त्याने जीव दिला. त्या शोकांतिकेकडेही जरा माणुसकीने बघा.

कागदपत्र

सरळवाट, काळाच्या चौकटीतच तोलू या. माझीही मागणी तीच आहे.

ऑगस्ट १८३१ मध्ये व्हर्जिनियातच, साउथॅम्प्टन कौंटीत, नॅट टर्नर या गुलामाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. त्यानंतर जानेवारी १८३२ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळात गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवावी का, यावर खुली चर्चा झाली. जेफरसनचा नातू त्या ठरावामागे होता. सभागृहाने याबाबत आता पाऊल उचलावं अशी सूचना ७३ विरुद्ध ५८ मतांनी पडली. पडली खरी, पण तिच्या बाजूने ५८ मतं मिळाली ती रफिनच्याच राज्यात, त्याच विधिमंडळात. म्हणजे त्या काळाच्या चौकटीत दुसरा रस्ता दिसत होता. आणि रफिनचं मार्लवरचं पुस्तक त्याच १८३२ सालचं. एकाच वर्षी व्हर्जिनियासमोर दोन प्रस्ताव होते. गुलामगिरी सोडा, किंवा जमीन अशी सुधारा की सोडावी लागणार नाही.

पुढे तो काय काय करत गेला तेही बघा. १८५९ मध्ये जॉन ब्राउनने गुलामांना शस्त्रं देण्यासाठी हार्पर्स फेरीवर छापा घातला. ब्राउनला २ डिसेंबरला फाशी दिली तेव्हा ती जवळून बघता यावी म्हणून ६५ वर्षांचा रफिन लष्करी शाळेच्या पोरांबरोबर गणवेश घालून रांगेत उभा राहिला. मग ब्राउनने आणलेले भाले मिळवले आणि गुलामगिरी असलेल्या राज्यांच्या गव्हर्नरांना एकेक पाठवला. त्यावर चिठ्ठी अशी की उत्तरेतल्या बंधूंनी आपल्यासाठी योजलेल्या प्रसादाचा हा नमुना. हे काळाच्या ओघात वाहत जाणं नव्हे. ओघ ज्या दिशेला वळत होता तिथे हा बांध घालत होता.

शेवटच्या रोजनिशीतही त्याने पश्चात्तापाचा एक शब्द लिहिलेला नाही. यांकी, म्हणजे उत्तरेतल्या लोकांच्या, राजवटीबद्दलचा आपला द्वेष जाहीर करूनच त्याने लेखणी ठेवली. त्याच्या मरणाचा मी अनादर करत नाही. पण शोकांतिका म्हणायची तर आधी १८६० च्या जनगणनेत व्हर्जिनियात मोजलेल्या ४,९०,८६५ गुलामांची म्हणावी लागेल.

जेम्सकाठ

मी मूळची साताऱ्याची, गेली अकरा वर्षं व्हर्जिनियात रिचमंडजवळ राहते. मार्ल मी हातात घेतलाय म्हणून लिहिते.

जेम्सच्या काठाला उंच कडे आहेत. पावसानंतर त्यांचा पाय ढासळतो आणि आतून शिंपले उघडे पडतात. तळहाताएवढे, पंख्यासारखे, वर उभ्या धारा असलेले. व्हर्जिनियाचं राज्य-जीवाश्म म्हणून हाच शिंपला निवडलाय आणि त्याच्या शास्त्रीय नावात जेफरसन आहेत. माझ्या धाकट्याने एक उचलला तर भोवतालची निळसर करडी माती ओल्या लगद्यासारखी त्याच्या हाताला चिकटून आली. मार्ल कोरडा नसतो हो. खड्डा खणला की पाणी साठतं. पुस्तकात 'मार्ल पसरला' असं अर्ध्या ओळीत येतं. प्रत्यक्षात फेब्रुवारीच्या थंडीत, गुडघाभर चिखलात उतरून, फावड्याने ते ओझं वर फेकायचं, गाडीत भरायचं आणि चढ चढून शेतात न्यायचं.

त्या मुलाचा प्रश्न वाचला आणि मला तो कडा आठवला. ज्यांनी हे केलं त्यातल्या बहुतेकांची नावं कुठे सापडत नाहीत. नावं नसली तरी त्यांचं एक उत्तर इतिहासात आहे. १८६२ च्या उन्हाळ्यात उत्तरेचं सैन्य या भागात आलं, तेव्हा रफिन आणि त्याच्या मुलांच्या मळ्यांवरचे गुलाम गटागटाने पळून सैन्याच्या आश्रयाला गेले. बीचवुड, मार्लबर्न, दोन्हीकडून. आपले लोक सुखात आहेत, आपल्याशी बांधलेले आहेत, असं लिहिणाऱ्या माणसाचे मळे काही आठवड्यांत ओस पडले. त्याच्या पुस्तिकेला याहून चांगलं उत्तर कुणी दिलेलं नाही.

वऱ्हाडी_कपाशी

इथवर सगळं अमेरिकेतलं चाललंय, पण ही गोष्ट आमच्या बांधापर्यंत येते. रफिनला दक्षिण कॅरोलिनाच्या सर्वेक्षणाला ज्यांनी नेमलं ते गव्हर्नर जेम्स हॅमंड. मार्लचे एवढे भक्त की शेल ब्लफहून सव्हाना नदीतून होड्या भरभरून मार्ल आणून आपल्या मळ्यात टाकला, अर्थात गुलामांकडून. याच हॅमंड यांनी १८५८ मध्ये सिनेटमध्ये कापूस हा राजा आहे, त्याच्याशी लढायची कुणाची हिंमत नाही, असं भाषण ठोकलं. दक्षिणेला खात्री होती की आपला कापूस थांबला की लँकेशायरच्या गिरण्या बंद पडतील आणि इंग्लंड गुडघे टेकून आपल्या बाजूने येईल.

इंग्लंड आलं नाही, आणि त्यामागे आमच्या काळ्या मातीचाही थोडा वाटा आहे. १८६१ ते १८६५ मध्ये वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून विलायतेला गेला. भाव असे चढले की ज्वारीच्या जागी कपाशी आली. मुंबईत पैशाचा पूर आला, बॅक बे भराव कंपनीच्या शेअरांवर लोक वेडे झाले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली, भाव कोसळले, जूनमध्ये रफिनने जीव दिला आणि १ जुलैला मुंबईचे सौदे फुटून पेढ्या बुडाल्या. इथे शेतकऱ्याच्या डोक्यावर काय राहिलं ते पुढच्या दहा वर्षांत सावकाराच्या वह्यांनी दाखवलं.

आता मातीचं. चोपण सर, तुम्ही जाणताच, पण इतरांसाठी. रफिनचं औषध आमच्याकडे विष आहे. आमची काळी मुळातच चुनखडीची, नांगराला खडे लागतात, सामू आठच्या वर. तिथे कुणी 'अमेरिकेत चाललं' म्हणून चुना टाकला तर उरलेला जस्त-लोहही पिकाला मिळणार नाही. रफिननेही जास्त मार्ल पडलेल्या हलक्या जमिनीत पीक बिघडतं हे बघितलं होतं आणि तसा इशारा दिला होता. तपासल्याशिवाय टाकू नका, हा त्याचा धडा मी घेतो. माणूस मात्र मला घ्यायचा नाही. माझ्या मते सरांनी डेव्ही सांगावेत आणि रफिन एका ओळीत उरकावा.

मळवाट

एका ओळीत उरकू नका, उलट पूर्ण सांगा.

दोन नावं शेजारी ठेवावीशी वाटतात. पहिलं कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं. आपल्याकडे शाळकरी मुलंही त्यांना ओळखतात. मिझुरीत १८६४ च्या आसपास गुलाम आईच्या पोटी जन्म. १८९६ मध्ये ते अलाबामातल्या टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत आले, तेव्हा कापसाने खंगलेली तीच दक्षिणेची जमीन त्यांच्यापुढे होती आणि ती कसणारे होते कालचे गुलाम, आता दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारे. त्यांनी भुईमूग, चवळी, रताळी लावायला सांगितली, दलदलीतला पाला-चिखल कुजवून खत करायला शिकवलं, कारण विकत घ्यायला त्या लोकांकडे पैसा नव्हता. रफिनलाही माती वाचवायची होती, कार्व्हरनाही. रफिनची माती मालकासाठी होती, कार्व्हर यांची कसणाऱ्यासाठी. शास्त्राच्या तासाला हा फरक राजकारण म्हणून बाजूला काढता येईल का? सल्ला कुणाला परवडणारा आहे, कष्ट कुणाचे मोजलेत, हे तर कृषी विस्ताराचं पहिलं प्रकरण आहे.

दुसरं नाव जोतीरावांचं. १८७३ चं 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. पुण्यात बसून त्यांना कळलं होतं की ही लढाई आपलीही आहे. आणि त्याच जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मातीवर लिहिलंय. डोंगरावरचा पालापाचोळा, शेणमूत पावसाने वाहून शेतात मुरायचं, ते आता वाया जातं, तेव्हा ठिकठिकाणी ताली-बंधारे घाला, आणि हे काम सरकारच्या रिकाम्या बसलेल्या पलटणींकडून, पोलिसांकडून करून घ्या. वाचताना मी थबकले होते. जमिनीचा कस कसा टिकवायचा हे सांगताना फावडं कुणाच्या हाती द्यायचं तेही ते त्याच वाक्यात सांगतात. सर, तुमच्या विद्यार्थ्याने नेमकं तेच विचारलंय.

सरळवाट

मळवाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काळाच्या चौकटीचा माझा मुद्दा १८३२ च्या मतदानापुढे टिकत नाही, हे कबूल करतो. ती माहिती मला नव्हती.

तरी एका बाबतीत मी हटणार नाही. वऱ्हाडी भाऊ म्हणतात तसं नाव एका ओळीत उरकणं मला भित्रेपणा वाटतो. त्या माणसाने शेत वाचायला शिकवलं. कोणतं तण कुठे उगवतं यावरून मातीचं दुखणं ओळखणं, एक पट्टा तसाच ठेवून शेजारी मार्ल टाकून तुलना करणं, फसलं तर फसलं म्हणून छापणं.  नावडत्या माणसाचं श्रेय काढून घ्यायची सवय लागली की उद्या आवडत्या माणसाचे दोष झाकायचीही लागते.

वऱ्हाडी_कपाशी

श्रेय काढा म्हणत नाही दादा. हार घालू नका म्हणतो. तुमचं शेवटचं वाक्य मात्र पटलं. एका ओळीचं मागे घेतो, पण मग सगळं सांगायचं. अर्धं नको.

कागदपत्र

सरळवाट, शेत वाचण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते योग्यच आहे, आणि म्हणूनच मला त्याचा राग जास्त येतो. जो माणूस आंबट तणावरून मातीचं आम्ल ओळखतो, जुन्या पंडितांचं मत आपल्या शेतात उतरत नाही म्हणून टाकून देतो, त्याला आपल्याच अंगणातली माणसं वाचता आली नाहीत. मातीला पुरावा मागितला, गुलामगिरीला कधी मागितला नाही. हे अज्ञान नव्हतं. त्याने ते निवडलं होतं.

चोपण (धागाकर्ता)

कामांमुळे दोन दिवस येता आलं नाही. सगळ्यांचं वाचलं. कीटकनाशकांचा माझा दाखला इथे लागू पडत नाही हे मान्य करतो. तिथे शोध एकीकडे आणि वापर दुसरीकडे असं काही अंशी म्हणता येतं. इथे शेतावर जो प्रयोग झाला त्यातच गुलाम राबत होते. प्रयोगाची कृती लिहिताना मजूर गाळले तर ती कृतीच अपुरी राहते. शास्त्राचा माणूस म्हणून हे मला आधी कळायला हवं होतं.

काल तोच वर्ग होता. मी फळ्यावर हिशेब मांडला. रफिनच्या पद्धतीत एकरी २०० ते ३०० बुशेल (तिकडचं धान्याचं माप) मार्ल. बुशेलला ढोबळ ४० किलो धरा. ३०० बुशेलचे झाले १२ टन, एका एकराला. एका माणसाने दिवसाला दोन टन खणून गाडीत भरलं असं धरलं, चिखलात तेही भारीच, तरी एकराला सहा दिवस. नुसतं खणणं-भरणं. वाहणं, पसरणं वेगळं. मग १०० एकरांचं मुलांनाच काढायला लावलं. ६०० दिवस. त्याखाली मी लिहिलं, मजुरी: शून्य. आणि विचारलं, हे सहाशे दिवस मजुरी देऊन करायचे असते तर रफिनचा मार्ल परवडला असता का?

पंधरा मिनिटं वर्ग भांडत होता. एक मुलगी म्हणाली, ४० टक्के वाढीव मक्याची किंमत आणि मजुरी दोन्ही मांडल्याशिवाय सांगता येणार नाही. बरोबर आहे तिचं. मागच्या बाकावरच्या मुलाने हिशेब वहीत उतरवून घेतला आणि काही बोलला नाही.

आंबट चुका, पट्ट्यांची तुलना, आधी आम्ल मग खत, हे सगळं मी पहिल्यासारखंच, तितक्याच प्रेमाने शिकवलं. रफिनचं नाव घेतलं. त्याने माती कशासाठी वाचवली तेही सांगितलं, १८३२ च्या मतदानासकट. कार्व्हर पुढच्या तासाला.

वरकस, तुमच्या राबाचं उदाहरण टिपणांत घेतोय, चालेल ना?

वरकस

घ्या की सर, विचारता काय.

तुमचा हिशेब बघून मी माझाही मांडला. एकरी १२ टन म्हणजे गुंठ्याला ३०० किलो, सहा पोती. मी अर्धं पोतं टाकतो, तोही गिरणीतून दळून आलेला चुना, आणि दहा गुंठ्यांना पाठ धरते. त्यांचा तर निम्म्याच्या वर गाळच असणार. पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं की मक्याकडे बघून त्या माणसाचा ऊर भरून आला असेल. आला असेलच. पण खड्ड्यातल्या माणसाला तो मका कसा दिसला असेल, याचा विचार तेव्हा मनात आला नव्हता.

मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आधी, वरच्या तुकड्यात चुना टाकायचाय. तुमची मुलं येणार असतील तर घेऊन या. चार गुंठे त्यांच्यासाठी ठेवतो, पाट्या त्यांनीच भरायच्या, त्यांनीच मोजायच्या. जेवण आमच्याकडे, आणि मजुरी गावात चालते ती देणार.